दस्त्यातले चारशे ग्रॅम

ऑकलंडच्या विमानतळावर मी ज्या काट्याशी भांडलो, तो काटा बरोबर होता. आज हे लिहिता येतं. त्या दिवशी मात्र मी काउंटरवरच्या मुलीला ठणकावून सांगत होतो की तुमचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय.

"सर, तेवीस किलोपर्यंत चालतं. तुमचे सातच भरलेत," ती म्हणाली.

"प्रश्न तेवीसचा नाही. सात-तीन दिसतंय. सहा-नऊ दिसायला हवं."

बंदुकीची पेटी रिकामी असताना चार किलो शंभर भरते. आत रायफल, दुर्बिणीसकट दोन किलो सातशे ऐंशी. बेरीज मला झोपेतही येते. मी पेटी उचलून शेजारच्या काउंटरवर नेली. तिथेही सात-तीन. मागे रांग लागली होती. माझा मित्र, जो माझ्याबरोबर दक्षिण बेटावर शिकारीला निघाला होता, तो नेहमी अशा वेळी माझी कॉलर धरून मला बाजूला ओढतो. त्या दिवशी तो विमानांच्या वेळांचा फलक वाचत उभा राहिला. आमचं विमान कुठल्या गेटवर आहे हे त्याने आधीच दोनदा वाचलेलं होतं.

"चल ना शेठ," तो फलकाकडेच बघत म्हणाला. "चारशे ग्रॅमने काय होतंय?"

चारशे ग्रॅमने काय होतं, हे त्या विमानतळावर माझ्यापेक्षा जास्त फक्त त्यालाच माहीत होतं.

मी इचलकरंजीच्या भंगारवाल्याचा मुलगा. वडिलांच्या दुकानात दाराशी मोठा काटा होता आणि त्याच्या पारड्याखाली काय काय चिकटवता येतं, हे मला शाळेत जाण्याआधी समजलं होतं. वडील म्हणायचे, माणसाच्या तोंडाकडे बघू नकोस, काट्याच्या पोटाखाली बघ. विद्यार्थी म्हणून या देशात आलो, पेट्रोल पंपावर उभा राहिलो, टायर बदलले, आणि आता ऑकलंडच्या टाकानिनी भागात माझं स्वतःचं यार्ड आहे. जुन्या गाड्या फोडायच्या आणि सुटे भाग विकायचे. म्हणजे फिरून भंगारातच. माझ्या यार्डात येणारा माणूस पहिला भाव सांगून कधीच जात नाही. मी आवाज चढवतो, हे खरं आहे. पण मापात मी कुणाला फसवलेलं नाही.

मित्र माझा विद्यार्थीदशेतला घरसोबती. पुण्याचा. आता ऑकलंडपासून अडीच तासांवरच्या टौरंगात एका दवाखान्याला लागून असलेल्या फार्मसीत तो फार्मासिस्ट आहे. मी त्याला कंपाउंडर म्हणतो, तो मला शेठ म्हणतो. शिकारीचं वेड त्यालाच आधी लागलं आणि त्याने ते मला लावलं. दक्षिण बेटाच्या उंच डोंगरांत थार असतो. आपल्या हिमालयातला दाट आयाळीचा डोंगरी बोकड, कुणा गोऱ्याने कधीकाळी इथे आणून सोडलेला. त्याची संख्या इतकी वाढते की सरकारच म्हणतं, मारा. पण तो राहतो कड्यांवर. तिथवर पोचेपर्यंत माझ्यासारख्या माणसाची जीभ बाहेर येते.

पहिल्या वर्षी मी वर पोचलो तेव्हा धाप इतकी लागली होती की दुर्बिणीत थार आणि आभाळ आळीपाळीने दिसत होते. मी गोळी झाडलीच नाही. खाली उतरताना ठरवलं, ही रायफल जड आहे. हिला हलकी करायची.

ऑकलंडच्याच हेन्डरसन भागात एक म्हातारा बंदूक-कारागीर आहे. घरामागच्या शेडमध्ये काम करतो, चहा पीत नाही, कॉफीही नाही, दिवसभर गरम पाणी पितो. त्याच्याकडे मी माझी कारखान्यातून निघालेली बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागे ओढायची, रायफल नेली आणि म्हटलं, हिच्यातून जेवढं निघेल तेवढं काढ. त्याने लाकडी दस्ता काढून कार्बनचा पोकळ दस्ता बसवला. नळी चार इंच कापली. बोल्टला आडव्या खाचा पाडल्या, त्याच्या मुठीत भोक पाडलं. दुर्बिणीच्या कड्या पोलादाच्या होत्या, त्या ॲल्युमिनियमच्या केल्या. प्रत्येक वेळी मी निघालेला तुकडा मागून घ्यायचो आणि घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकायचो.

"बेसन मोजायचं आहे त्याच्यावर," बायको म्हणायची. "तुझे स्क्रू काढ."

"अकरा ग्रॅम! एका कडीत अकरा ग्रॅम गेले!"

"बाबा, इट्स लिटरली इलेव्हन ग्रॅम्स," मुलगी म्हणायची. तिला मराठी सगळं कळतं, विशेषतः माझी चेष्टा करायची असेल तेव्हा.

मला त्यात वेगळाच आनंद मिळत होता. भावात घासाघीस करताना समोर माणूस असतो, तो रुसतो, उठून जातो. लोखंड उठून जात नाही. त्याच्याशी कितीही घासाघीस करा. कारागिराने मात्र एकदा हात पुसत मला थांबवलं.

"मेट, एक ऐक. रायफल हलकी झाली की धक्का कमी होत नाही. तो फक्त तिच्याऐवजी तुला बसतो. अजून तीनशे-चारशे ग्रॅम ठेव."

मी म्हटलं, माझा खांदा इचलकरंजीचा आहे. त्याला इचलकरंजी कुठे ते माहीत नव्हतं, पण मी भांडायला तयार आहे एवढं समजलं. "स्वीट ॲज," म्हणजे तुझी मर्जी, असं म्हणाला आणि पुढचा स्क्रू काढला. शेवटी त्याच्या काट्यावर भरली दोन किलो सातशे ऐंशी. मी त्या आकड्याचा फोटो काढला.

त्या शरदात आम्ही वर गेलो. मी मांजरासारखा चढलो. वाऱ्याच्या उलट बाजूने जवळ गेलो, एका खडकावर पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली आणि झाडली. गोळी लागल्याचा आवाज आला. थार पडला नाही. मागचा पाय ओढत तो कड्याच्या आड गेला.

तीन तास शोधला आम्ही त्याला. रक्त होतं, मग थोडं रक्त, मग नुसता दगड. मित्र माझ्यापुढे चालत होता आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता. अंधार पडायच्या आत परतलो. शिकार करणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही: न लागलेल्या गोळीचं हसू होतं, अर्धवट लागलेल्या गोळीचं होत नाही. पुढचे कित्येक आठवडे मी यार्डात एखादी गाडी फोडायला घेतली की मध्येच थांबायचो आणि तो पाय आठवायचा.

मग मी ठरवलं की दोष नळीचा आहे. कापताना, पुन्हा बसवताना ती वाकडी बसली असणार. कारागिराला फोनवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे म्हटलं, घेऊन ये, पुन्हा बसवतो.

मित्राने मात्र त्याच आठवड्यात मला टौरंगाहून फोन केला. "शेठ, नळी ठीक आहे रे. तू दचकतोस. घोडा दाबायच्या आधी डोळे मिटतोस. मी बाजूने बघत होतो."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. दोन दिवसांनी त्याने पुन्हा तेच सांगितलं, मी पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा त्याने विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं याला.

रायफल तयार झाली त्या दिवशी माझ्या यार्डात ट्रेलर भरून गाड्या आल्या होत्या. मित्र काही कामाने ऑकलंडात होता. त्याच्याकडे लायसन्स आहे, म्हणून म्हणाला, मी घेतो ताब्यात, फार्मसीत पार्सलचा चांगला काटा आहे, वजनही करून आणतो. पुढच्या शनिवारी त्याने रायफल घरी आणून दिली. सोबत औषधं देतात त्या पांढऱ्या कागदी पिशवीचा तुकडा, त्यावर त्याचं बारीक, स्वच्छ अक्षर: २ किलो ७८० ग्रॅम. नळी पुन्हा बसवली.

माझ्याकडे काटे दोनच. स्वयंपाकघरातला दोन किलोपर्यंत जातो आणि यार्डातला अर्ध्या किलोच्या खालचं काही सांगत नाही. आणि तशी गरजही वाटली नाही. लोकांच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजणाऱ्या माणसाच्या मापावर कोण शंका घेतो? वडील असते तर त्यांनी घेतली असती. मी तो कागद बंदुकीच्या तिजोरीच्या दाराला आतून चिकटवून ठेवला.

हाताला कळलं नाही का, असं कुणी विचारेल. कळलं ना. उचलताना वाटायचं, पहिल्यापेक्षा जड लागतेय. पण कागदावर आकडा तोच होता. म्हणजे जड रायफल झाली नव्हती, ढिला मी झालो होतो. शेहेचाळीसावं वर्ष. मी मित्राला सांगितलं, अरे, ताकद कमी झालीय बहुतेक. तो म्हणाला, "चहातली साखर बंद कर. रोज चढ चाल." मी साखर बंद केली. सकाळी उठून पाठीवर वाळूची पिशवी घेऊन टेकडी चढायला लागलो. सहा किलो उतरलो मी. त्याने खोटं सांगितलेले चारशे ग्रॅम भरून काढायला मी माझ्या अंगातले सहा किलो काढले.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात आम्ही गाडीनेच, ती फेरीबोटीत घालून, समुद्र ओलांडून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बर्फाळ घळीच्या पलीकडे आयाळ उडवत एक नर उभा होता. मी झाडली. रायफल खांद्यावर नुसती हलली. थार जागच्या जागी बसला, जणू कुणी त्याला बस म्हटलं, आणि तिथेच राहिला. एक गोळी. मी धावत गेलो आणि त्याच्या आयाळीत हात घालून रडलो. मागच्या वर्षीच्या त्या दुसऱ्यासाठी रडलो, हे मी मित्राला सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बघ," मी म्हणालो. "नळीच होती. मी म्हणत होतो ना?"

"हो," तो म्हणाला.

त्यानंतर दिवाळीला हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये आपली मंडळी जेवायला जमली होती. डॉक्टर, नर्स, बँकवाले, सगळे. शिकारीची गोष्ट मी सांगितली, मग रायफलची सांगितली. एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, इतकी हलकी रायफल झेलायला खांदा पाहिजे बुवा. मी म्हटलं, दोन किलो सातशे ऐंशी, आणि हे माझं नाही, फार्मासिस्टचं माप आहे, विचारा याला. मित्र समोरच बसून श्रीखंड खात होता. त्याने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे न बघता सगळ्यांना सांगितलं, "हो, मीच केलं वजन."

हेच मला विसरता येत नाही. तो नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं.

तर, ते विमान. खिडकीपाशी बसून मी हिशेब केला. दोन काउंटर एकसारखे चुकत नाहीत. पेटीत रायफलशिवाय काही नव्हतं. क्राइस्टचर्चला उतरून आम्ही भाड्याची गाडी घेतली. तो चालवायला बसला. शहर मागे पडल्यावर मी कारागिराला फोन लावला. फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे म्हाताऱ्याचा आवाज गाडीभर पसरला.

"किया ओरा, मेट! निघालात का डोंगरात?"

"एक विचारायचं होतं. माझी रायफल तीन किलोच्या वर कशी भरते?"

"कशी म्हणजे? दस्त्यातलं शिसं धरून भरणारच ना. चारशे ग्रॅम. तुझा मित्र बाटली भरून घेऊन आला होता, मी फक्त जागेवर बसवली. तो म्हणाला तू तयार झालास. मी घरी बायकोला सांगितलं, शेवटी त्या माणसाने कुणाचं तरी ऐकलं." मग तो म्हणाला, "नळीला मी हातही लावला नव्हता. ती पहिल्यापासून सरळ होती. तुला हे... मेट, तुला माहीत होतं ना?"

मित्र समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. शंभरच्या रस्त्यावर तो शंभरनेच चालवतो.

"थांबव," मी म्हटलं.

एका नदीच्या पुलापाशी त्याने गाडी बाजूला घेतली. मी उतरलो. तोही उतरला. वाऱ्याने बोलणं उडून जात होतं, त्यामुळे आम्हाला ओरडावंच लागलं. माझी सोय झाली.

"केसाने गळा कापलास! वीस वर्षांची ओळख आणि तू माझ्या मालात शिसं घालतोस? माझ्या बापाच्या दुकानात असल्या लोकांना आम्ही उभं करत नव्हतो!"

"दोनदा सांगितलं होतं तुला. दोनदा फोन आपटलास."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं!"

"आणि तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! माझी रायफल आहे!"

"तुझी रायफल, पण पाय त्या थारचा होता." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तीन तास तू एकटाच नव्हतास तिथे. मी पण होतो. मी ठरवलं, परत तुझ्याबरोबर येईन तर असं होऊ देणार नाही. शिसं घातल्यावर झालं का पुन्हा? एका गोळीत बसला ना?"

"मग बसल्यावर सांगायचं होतं! एक वर्ष झालं त्याला!"

त्याने चष्मा काढून शर्टला पुसला. "सांगितलं असतं तर तू ते काढून टाकलं असतंस. रागाने. आणि परत दचकला असतास."

"दिवाळीला सगळ्यांसमोर तू—"

"तू माझं नाव घेतलंस शेठ. मी काय करू तिथे?"

"आणि साखर? माझी साखर का बंद केलीस?"

हसू आलं त्याला, आणि ते त्याने दाबलं, ते मला दिसलं. त्या क्षणी त्याला नदीत ढकलावं असं वाटलं. मी गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसलो, टॅक्सीत बसतात तसा. चार तास तिथेच बसून राहिलो.

परत जायला हवं होतं. पण मी ठरलेला सौदा मोडत नाही, आणि राग आला म्हणून तर नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही दरीतल्या पत्र्याच्या झोपडीपर्यंत चालत गेलो. त्याच्या पुढच्या सकाळी, तो नदीवर पाणी आणायला गेला असताना, मी दस्त्यामागच्या रबरी पॅडचे दोन स्क्रू काढले. आत कापूस होता. औषधाच्या बाटलीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर दाबतात तसा, नीट दाबलेला. त्याच्याखाली झाकणवाली छोटी तपकिरी बाटली, शिशाच्या छर्‍यांनी गळ्यापर्यंत भरलेली. चिकटवलेली नव्हती. हवी तेव्हा काढता यावी अशी ठेवली होती. त्या नीटनेटकेपणाचा मला जास्त राग आला.

पॅड पुन्हा बसवलं आणि बाटली जाकिटाच्या खिशात टाकली. त्याला दाखवायला ठेवली असती, पण तो येईपर्यंत थांबवेना. एकट्याने जातोय अशी चिठ्ठी लिहिली, कुठल्या घळीत ते लिहिलं, आणि निघालो.

रायफल पिसासारखी झाली होती. हीच ती, जिच्यासाठी मी एवढा जीव आटवला. बाटली मात्र चढताना दर पावलाला बरगडीवर आपटत होती.

दुपारच्या सुमारास नर दिसला. मागच्या वर्षीच्याहून मोठा, कड्यातल्या एका सपाट दगडावर आडवा उभा, ऊन खात. वारा माझ्या तोंडावर. मी पिशवी ठेवली, रायफल टेकवली, गाल दस्त्याला लावला. दुर्बिणीतली खूण त्याच्या खांद्यावर आली आणि तिथून हलली. पुन्हा आणली. पुन्हा हलली. मी घोड्यावर बोट ठेवलं. गोळी झाडली नव्हती, धक्का बसला नव्हता, आणि तरी माझे डोळे मिटले. मला ते समजलं. शेजारी कुणी बघायला नव्हतं, तरी समजलं.

खिशात बाटली होती. दुसऱ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. दोन स्क्रू, कापूस, बाटली, पुन्हा दोन स्क्रू. थार दोन मिनिटं नक्की थांबला असता, तो ऊन सोडत नव्हता. मी हात खिशापर्यंत नेला. बाटली मुठीत धरली. ती घालायची म्हणजे पुलावर तो जे ओरडला ते सगळं खरं होतं असं त्या डोंगराला सांगायचं. ते माझ्याने झालं नाही. आणि ती न घालता झाडायची, तर तो मागचा पाय. तेही झालं नाही.

मी बोल्ट मागे ओढला, काडतूस बाहेर काढलं. त्या आवाजाने नराने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि घाई न करता वर निघून गेला.

झोपडीशी आलो तेव्हा अजून उजेड होता. मित्र बाहेर पायरीवर बसला होता, चिठ्ठी गुडघ्यावर. मला पाहिल्यावर त्याने श्वास सोडला, हे मी दुरून पाहिलं.

"दिसला काही?"

"काही नाही," मी म्हटलं. "रिकामी घळ." इतक्या वर्षांत त्याला मी सांगितलेलं हे पहिलं खोटं.

तो उठला आणि नेहमीसारखी माझी रायफल पुसायला हातात घेतली. घेताना त्याचा हात थोडा जास्तच वर गेला. जड वस्तू म्हणून उचललेली हलकी निघाली की जातो तसा. त्याने रायफलकडे पाहिलं, मग माझ्या जाकिटाच्या लोंबणाऱ्या खिशाकडे पाहिलं. बोल्ट मागे ओढून नळीत बघितलं. स्वच्छ होती, न वापरलेली. घळ रिकामी निघाली तर मी उजेड असेपर्यंत दुसरी शोधतो, इतक्या लवकर परत येत नाही, हे त्याला माहीत असणार. त्याने रायफल भिंतीला टेकवून ठेवली.

"चहा ठेवतो," तो म्हणाला. "साखर घालू आज? किती?"

"डबा इकडे दे," मी म्हटलं. "माझी मी घालतो. तुझं माप नको मला."

त्याने डबा दिला. मी दोन चमचे घातले, त्याच्या तोंडाकडे बघत. बाटली अजून माझ्या खिशात होती. ती आजही माझ्याच यार्डात आहे, खिळ्यांच्या डब्याशेजारी, आणि तिचं मी काय करणार आहे ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.